माळ्याची शाळा

लंडनच्या उद्यानविद्या संस्थेच्या (स्थापना १८०४) दप्तरात एक जुनी वही आहे. या संस्थेने १८२०च्या सुमारास चिझिक येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरची तेहेतीस एकर जमीन भाड्याने घेऊन बाग उभारली. तिथे कामाला लागणाऱ्या प्रत्येक तरुणाने या वहीत स्वतःच्या अक्षरात आपली हकीगत लिहायची असे. १८२३ मध्ये जोसेफ पॅक्स्टन नावाच्या पोराने ती लिहिली आणि जन्मसाल १८०१ असे टाकले. तो होता १८०३चा! वय थोडे जास्त सांगितले तर बरे, असा त्याचा हिशेब असावा. तीनच वर्षांनी त्याच ड्यूकने त्याला चॅट्सवर्थच्या आपल्या बागेचा मुख्य माळी नेमले. पुढे १८४९ मध्ये व्हिक्टोरिया हे राक्षसी पानांचे कमळ त्याने तिथे फुलवले आणि १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी काचेचा प्रचंड महाल उभारला.

पण आपल्याला पॅक्स्टनपेक्षा त्या वहीत अधिक रस आहे. माळ्याला लिहिता कशाला यायला हवे?

वडिलांकडून मुलाकडे आलेली विद्या ओळखीच्या झाडांपुरती पुरते. गुलाब कधी छाटायचा, डोळा कधी भरायचा, हे हात पाहून हात शिकतो. पण त्या काळात जहाजांमधून ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका इथली झाडे इंग्लंडात येऊन पडत होती. एकाला दमट उष्मा हवा, दुसऱ्याला कोरडी थंडी. एकाला वाळू, दुसऱ्याला पालापाचोळ्याची माती. या झाडांबद्दल कोणाच्याच आजोबांना काही ठाऊक नव्हते. तेव्हा झाड कुठून आले, तिथे पाऊस किती, त्याचे कुळ कोणते, हे वाचून काढणे भाग होते. लॅटिन नावे अचूक लिहिणे, काचगृहातल्या तापमानाची नोंद ठेवणे, नवा वाफा मोजून आखणे हेही आलेच. शोभेची बाग करणाऱ्याला पुस्तक लागले ते या पाहुण्या झाडांमुळे.

ते पुस्तक तो वाचायचा कधी? बारा-चौदा वर्षांचा मुलगा बागेत लागला की पहिली कामे कुंड्या धुण्याची आणि निचऱ्यासाठी खापऱ्या फोडण्याची. मग एका बागेतून दुसऱ्या बागेत, वर्ष-दोन वर्षे इथे, तेवढीच तिथे, अशी उमेदवारी. राहायची खोली बहुधा काचगृहामागच्या भिंतीला टेकलेली, उत्तरेच्या बाजूची, म्हणजे ऊन न येणारी. कडाक्याच्या थंडीत रात्री उठून भट्टीत कोळसा घालायचा, कारण भट्टी विझली तर सकाळी लाखमोलाची झाडे काळी पडलेली दिसत. याच्यातून उरलेल्या वेळात वनस्पतिशास्त्र आणि भूमिती. जॉन लाउडन या लेखकाने १८२६ मध्ये आपल्या बागकामाच्या मासिकात तक्रार मांडली, की साध्या गवंड्याला दिवसाला पाच ते सात शिलिंग मिळतात आणि रात्री जागून एवढे शिकलेल्या माळ्याला दोन-अडीच. माळी शिकला तरी त्याची गणना नोकरांतच राहिली होती.

हे तिकडे चालले असताना पुण्यात काय होते? इथे फुलमाळ्याचा धंदा जन्माने ठरे आणि तालीम घरात मिळे. पेशव्यांना फुले पुरवणाऱ्या एका घराण्याचे आडनावच फुले झाले. त्याच घरात १८२७ मध्ये जन्मलेल्या जोतीरावांना वडिलांनी शाळेतून काढून शेतमळ्याच्या कामाला लावले. शेजाऱ्यांनी भीड घातली म्हणून १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. चिझिकला लिहिता येणे ही माळी होण्याची अट होती. पुण्यात माळ्याच्या मुलाने लिहायला शिकणे हेच पुष्कळांना खपत नव्हते.

पुढे शिक्षणाचे मोठे केंद्र झाले ते क्यूचे उद्यान. १८४१ मध्ये ते सरकारकडे आले. उमेदवारी केलेले तरुण तिथे येत, दिवसा बागेत राबत आणि संध्याकाळी व्याख्यानांना बसत. १८७१ मध्ये त्यांनी आपले एक मंडळ काढले. त्यात एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या चुका काढायच्या! मला तर व्याख्यानांपेक्षा हीच खरी शाळा वाटते.

बायकांना मात्र दार उशिरा उघडले. स्वॉनलीच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने १८९१ मध्ये मुली घेतल्या आणि १८९६ मध्ये तिथल्या ॲनी गल्विन व ॲलिस हचिन्स क्यूमध्ये रुजू झाल्या. संचालक थिसल्टन-डायर यांनी त्यांना पुरुषांसारखाच तुमानीचा पोशाख सक्तीचा केला. सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये हा हेतू. झाले उलटेच, लोक त्यांना पाहायला गर्दी करू लागले. काही वर्षांत हा प्रयोग थंडावला. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा बायकांना पुन्हा बोलावले गेले.

क्यूमध्ये शिकलेली माणसे भारतातही आली. विल्यम मॅकआयव्हर १८४८ मध्ये उटकमंडला आला. तिथली उतारावरची बाग त्याची, आणि निलगिरीतली सिंकोनाची लागवडही त्याच्याच हाताखाली झाली. मार्शल वुड्रो पुण्याला गणेशखिंडीच्या बागेवर आला आणि सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. भारतातल्या बागकामावरचे त्याचे इंग्रजी पुस्तक अनेकदा छापले गेले. सह्याद्रीच्या सड्यांवरचे एक गवत, डायमेरिया वुड्रोवी, त्याच्या नावाने ओळखले जाते. गुस्टाव्ह क्रुम्बीगल हा जर्मन माणूस क्यूहून १८९३ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात आला, १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेचा प्रमुख झाला.

सायन्स कॉलेजात १८७९ मध्ये शेतीचा वर्ग निघाला. शिकवणे इंग्रजीत. त्या वर्गात बसणारा पुढे कुदळ धरणार नव्हता आणि कुदळ धरणाऱ्याला त्या वर्गात शिरता येत नव्हते. गुटी बांधणे, दाब कलम, भेट कलम या क्रिया माळ्यांच्या हातात होत्या आणि त्यांची कारणे साहेबाच्या पुस्तकात. सालीची एक कडी काढून तिथे ओले शेवाळ बांधले की पानांतून खाली येणारे अन्न तिथेच अडते आणि मुळे फुटतात, हे कारण माळ्याला सांगायला कितीसा वेळ लागला असता?

लालबागेत क्रुम्बीगल निवृत्त झाल्यावर १९३२ मध्ये एच. सी. जवरय्या त्या जागी आले. पद भारतीय माणसाकडे गेले. आपल्याकडे आज कृषी विद्यापीठांत उद्यानविद्येची पदवी आहे आणि आयटीआयमध्ये पुष्पोत्पादन व बागरचनेचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. दहावीनंतर काय, असे विचारणाऱ्या मुलामुलींना आपण शाळेत त्याचे नाव सहसा सांगत नाही.