वरवंट्याला घातलेली कुंची

वाकून आत या, चौकट बुटकी आहे. साल 1919, सातारा जिल्ह्यातलं एक गाव, बाराव्या दिवसाची संध्याकाळ. तुळईला पाळणा टांगलाय. पण बाळाआधी मान वरवंट्याचा! त्याला तेल-हळद लावून कुंची घातलीय. दोघी बायका पाळण्याच्या दोन्ही अंगांना बसून, गोविंदाचं, गोपाळाचं नाव घेत त्याला खालून देतात, वरून घेतात. मग तसंच बाळाला. दगडासारखं टिकू दे, एवढंच मागणं.

बाळंतिणीकडं बघा. गेल्या साली मानमोडीचा ताप आला आणि तिची दोन लेकरं एका आठवड्यात गेली. पाचवीच्या रात्री कोरा कागद अन् बोरू मांडून ती जागीच राहिली. सटवाईनं कपाळी काय लिहिलं, ते कुणाला वाचता येतं?

आत्या पाळण्यात वाकते. 'कुर्रर्र!' तिच्या पाठीत धपाटे बसतात, आणि नाव फुटतं: धोंडू.

तुमच्या कपाळाला आठी पडली. थांबा जरा. देखण्या नावाला दृष्ट लागते. धोंड्याकडं काळ कशाला वळून बघेल? शेजारचा केरू केरावर ठेवून उचललेला, पलीकडचा भिकू पदर पसरून मागितलेला, नथूचं तर नाकच टोचलेलं. या ओबडधोबड नावांइतकी मायेची नावं मला मराठीत दुसरी सापडत नाहीत.

गरम घुगऱ्या ओंजळीत घ्या आणि निघा. दाराआड एक पोर उभी आहे. तिच्या वेळी घराला मुलगा हवा होता, म्हणून ती नकुशी. तिला काळापासून लपवायला हे नाव ठेवलेलं नाही. तिच्या डोळ्याला डोळा देणं जड जातं.

उंबऱ्याबाहेरचं पाऊल पडतं ते 2011 च्या ऑक्टोबरात. जिल्हा तोच. वेण्यांना रिबिनी बांधून मुली रांगेत उभ्या आहेत. अशा नावाच्या 285 जणी. आज प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र मिळतंय. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. इथं पाळणा नाही, कानाशी वाकणारी आत्या नाही. काही जणींनी तर नाव स्वतःच निवडलंय. तुमच्या पुढ्यातली मुलगी कागदावरचं नाव ओठांतल्या ओठांत म्हणून बघते. एकदा. पुन्हा एकदा.

तुमच्या ओंजळीतल्या घुगऱ्या अजून कोमट आहेत. तिच्यापुढं धरा.