खेळाडूंचे वाफे

भाताचे रोप आधी वाफ्यात वाढते, मग त्याची लावणी होते. अमेरिकेत बेसबॉलचे खेळाडूही असेच तयार होतात, आणि त्या पद्धतीला नावही शेताचेच पडले आहे.

ती रुजवली ब्रँच रिकी या शेतकऱ्याच्या मुलाने. १९२० च्या सुमारास सेंट लुईसचा कार्डिनल्स संघ त्यांच्याकडे होता. तयार खेळाडू विकत घ्यायला पैसा कुठला? मग रिकींनी लहान गावांचे संघच हळूहळू हाती घेतले. पोरगा तिथे शिके, पायरीपायरीने वर चढे. १९२६ साली कार्डिनल्सने जागतिक मालिका जिंकली!

पण वाफा दाट झाला की रोपे खुरटतात. करारात अडकलेले कितीतरी गुणी तरुण खालीच कुजत राहिले. अखेर १९३८ साली बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी कार्डिनल्सचे सत्तरहून अधिक खेळाडू मोकळे केले.

पुढे रिकी ब्रुकलिनच्या संघाकडे गेले. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला त्यांनी १९४६ साली माँट्रियलच्या दुय्यम संघात खेळवले आणि १९४७ साली मुख्य संघात आणले. गोऱ्यांपुरते राखलेले मैदान असे खुले झाले.

२०२१ साली असे दुय्यम संघ १२० वर आणले गेले. चाळीसएक गावांचा हा धागा तुटला. वाफे दाट नकोत हे खरे, पण वाफेच मोडले तर लावणी कशाची करायची?