झरी जामणी तालुक्यातील पाणीटंचाई निवारण आणि फ्लोराईडचा प्रश्न : एक ऐतिहासिक परामर्श

महाराष्ट्रातील पाणीटंचाईचा इतिहास बहुधा अवर्षणाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पाऊस किती पडला, धरणे किती झाली, टँकर किती धावले या मापांनीच तो मोजला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुका या चौकटीत नीट बसत नाही. जिल्ह्यात पावसाचे प्रमाण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जाते आणि शेजारच्या वणी परिसरात ते सरासरी ११०० मि.मी.च्या आसपास पोहोचते. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आहे. असे असूनही या पट्ट्यात पिण्यायोग्य पाण्याचा प्रश्न गंभीर झाला. त्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी टंचाई निवारणाच्या गेल्या पन्नास वर्षांतील पद्धतीकडेच पाहावे लागते.

१९७२ च्या दुष्काळाने राज्याच्या जलनीतीला वळण दिले. त्यापूर्वी १९६२ साली बर्वे आयोगाने सिंचनाचा विचार केला होता, परंतु खेड्यातील पिण्याचे पाणी हा स्वतंत्र नियोजनाचा विषय फारसा नव्हता. उथळ विहिरी, नाले आणि नदीपात्रात उकरलेले झिरे यांवरच गावे अवलंबून असत. दुष्काळात विहिरी आटल्या आणि कठीण खडकात खोल छिद्र घेणारी यंत्रे खेडोपाडी पोहोचली. याच काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. विंधन विहिरीवर बसवावयाच्या पंपाचा शोधही बराचसा महाराष्ट्रातच लागला, ही गोष्ट सहसा विस्मृतीत जाते. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवावरच पुढे युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप घडला. ग्रामीण भागात त्याला ‘हापशी’ किंवा नुसतेच ‘बोअरिंग’ म्हणतात.

या हातपंपाचे श्रेय नाकारता येणार नाही. उघड्या विहिरींतून पसरणारे पटकीसारखे रोग त्यामुळे आटोक्यात येण्यास मदत झाली. नारूच्या निर्मूलनातही सुरक्षित जलस्रोतांचा मोठा वाटा होता. भारतात नारूचा अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला. जंतूंच्या दृष्टीने खोलचे पाणी निर्मळ होते. मात्र रासायनिक दृष्टीने ते तसे असेलच असे नव्हते. भूगर्भातील पाणी खडकाच्या सान्निध्यात जितका दीर्घ काळ राहते तितके त्यात क्षार विरघळतात. पाणी अल्कधर्मी असून त्यातील कॅल्शियम कमी झाले की फ्लोराईड वाढते. खोल विंधन विहिरी अशा जुन्या पाण्यापर्यंत पोहोचतात. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराईड मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे संशोधन ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झाले. शेजारच्या झरी जामणी तालुक्यातही हाच प्रश्न आढळून येतो.

फ्लोराईडचा धोका तोवर अज्ञात होता, असे म्हणता येत नाही. मद्रास प्रांतातील नेल्लोर भागातील फ्लोरोसिसची नोंद १९३७ सालीच झाली होती. १९७२-७३ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात ‘समस्याग्रस्त गाव’ ठरविण्याच्या निकषांत १.६ किलोमीटर अंतरात स्रोत नसणे याबरोबरच क्षार, लोह वा फ्लोराईडचे आधिक्य हाही निकष होता. तथापि, अंमलबजावणीत माणशी ४० लिटर पाणी आणि २५० लोकांमागे एक हातपंप हीच मापे प्रभावी ठरली. मोजता येणे सोपे होते ते मोजले गेले. पंप बसला की गाव टंचाईमुक्तांच्या यादीत जाई. पाण्याची रासायनिक तपासणी ही नंतरची बाब राही. आज खेदाची वाटावी अशी ही विसंगती आहे, कारण निकष कागदावर हजर होता.

तालुक्यातील कोलाम या आदिम जमातीच्या वस्त्यांना, म्हणजे पोडांना, याची झळ विशेष बसते. पोड लहान व विखुरलेले असते, आणि पुष्कळदा एका हातपंपावरच सारी वस्ती चालते. तो पंप दूषित ठरल्यास दुसरा पर्याय जवळ नसतो. पंपावर लाल रंग देऊन पाणी पिण्यास मनाई करता येते. पण उन्हाळ्यात तहान लागलेल्या माणसाने जावे कुठे, हे त्या रंगातून कळत नाही.

हा अनुभव एकट्या झरी जामणीचा नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून सुरक्षित पाण्यासाठी लक्षावधी कूपनलिका घेण्यात आल्या आणि १९९३ साली त्यांत आर्सेनिक असल्याचे उघड झाले. संयुक्त राष्ट्रांचे पेयजल दशक (१९८१ ते १९९०) मुख्यतः स्रोतांच्या संख्येवर उभे होते. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत मात्र ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ पाण्याच्या मोजमापात आर्सेनिक व फ्लोराईड यांचा स्पष्ट समावेश झाला.

उपायांचा इतिहासही बोलका आहे. फ्लोराईड काढण्याची तुरटी व चुन्यावर आधारित ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. परंतु रोज योग्य मात्रा घालणे आणि उरलेला गाळ टाकणे हे घरगुती पातळीवर टिकणे कठीण असते. नदीचे पाणी हा दुसरा मार्ग होय. पैनगंगेच्या पाण्याविषयी दोन राज्यांचा करार १९७५ चा. निम्न पैनगंगा प्रकल्प विस्थापनाच्या विरोधामुळे रेंगाळला. चनाखा-कोरटा बंधाऱ्याबाबत महाराष्ट्र आणि तेलंगणा यांचा करार २३ ऑगस्ट २०१६ रोजी झाला. २०१९ च्या जल जीवन मिशनने माणशी ५५ लिटर हे माप ठरविले आणि दूषित पाण्याच्या वस्त्यांसाठी, कायमची योजना होईपर्यंत, पिण्यास व स्वयंपाकास पुरेल असे माणशी ८ ते १० लिटर शुद्ध पाणी देण्याची तरतूद केली. नवा नळ जुन्याच विंधन विहिरीला जोडला गेल्यास मात्र घरापर्यंत पोहोचते ते तेच पाणी. कायमच्या दातांचे आवरण साधारणतः वयाच्या आठव्या वर्षापर्यंत घडते. त्या काळात पडलेले डाग पुढे शुद्ध पाणी मिळाल्यानेही जात नाहीत.