डिस्क हातात, चावी कुणाकडे?

माझ्या वर्गातली काही मुले ईदीचे आणि खाऊचे पैसे साठवून व्हिडिओ गेम घेतात. त्यांच्यात एक वाद नेहमी रंगतो: गेमची डिस्क घ्यावी की इंटरनेटवरून डाउनलोड करावा? एक गट म्हणतो, डिस्क खेळून झाली की मित्राला देता येते, विकताही येते. दुसरा म्हणतो, डाउनलोड घरबसल्या होतो आणि ओरखडे पडायची भीती नाही. दोघांचेही खरे आहे. पण मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे माझे लक्ष दोन्ही गटांच्या तोंडी असलेल्या एकाच शब्दाकडे जाते. 'विकत घेतला' असे दोघेही म्हणतात. या शब्दाचा अर्थ गेल्या काही दशकांत कसा पातळ होत गेला, त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

सुरुवात पुस्तकापासून करावी लागते. अमेरिकेत १९०४ मध्ये एका प्रकाशकाने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली आणि पुस्तकातच छापले की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ती कुणी विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ मध्ये निकाल लागला तो दुकानाच्या बाजूने: प्रकाशकाने प्रत एकदा विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर त्याचा हुकूम चालत नाही. पुस्तक पुन्हा छापण्याचा हक्क त्याचाच राहील, पण हातातली प्रत घेणाऱ्याची. जुनी पुस्तके विकणाऱ्यांना आणि पुस्तके वाचायला देणाऱ्या वाचनालयांना तिथे याच तत्त्वाचा आधार मिळाला.

व्हिडिओ गेम बाजारात आले तेव्हा हे तत्त्व त्यांना आपोआप लागू झाले, कारण गेम ही हातात धरता येणारी वस्तू होती. आपल्याकडे ज्याला सगळे 'कॅसेट' म्हणत, ते प्लास्टिकचे खोके यंत्रात खोचले की खेळ सुरू. एक कॅसेट चार घरांत फिरायची. ती फिरवायला कंपनीची परवानगी कुणी मागत नसे.

डाउनलोडही नवा नाही. १९८३ मध्येच अमेरिकेत 'गेमलाइन' नावाची सेवा निघाली होती. अटारी २६०० या यंत्रात एक खास कार्ट्रिज बसवायचे, ते टेलिफोनच्या तारेला जोडायचे आणि गेम घरी उतरवून घ्यायचा. मात्र तो ठरावीक वेळाच खेळता येई. नंतर पुन्हा पैसे. ही सेवा लवकरच बंद पडली. पण तिने एक गोष्ट लपवली नव्हती: हा गेम भाड्याचा आहे, हे ग्राहकाला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

पुढे सीडीचा जमाना आला. सोनीचे प्लेस्टेशन १९९४ मध्ये जपानमध्ये निघाले. सीडी कार्ट्रिजपेक्षा कितीतरी स्वस्तात बनत होती आणि तिच्यात मजकूरही कितीतरी जास्त मावत होता. डिस्कची सद्दी सुरू झाली, जुन्या गेमची खरेदी-विक्री वाढली आणि त्या दुसऱ्या विक्रीतून आपल्याला काहीच मिळत नाही, ही कंपन्यांची तक्रारही वाढली.

बदलाची पहिली मोठी खूण कॉम्प्युटरवर दिसली. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये 'स्टीम' सुरू केले. पुढच्या वर्षी 'हाफ-लाइफ २' आला. दुकानातून त्याची डिस्क आणली तरी इंटरनेटवर स्टीमचे खाते उघडून गेम त्या खात्याला जोडल्याशिवाय तो सुरूच होत नसे. एकदा जोडला की डिस्क दुसऱ्याला देऊन उपयोग नाही. वस्तू हातात होती, पण तिची चावी कंपनीकडे राहिली.

हीच पद्धत टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आणण्याचा प्रयत्न मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये केला. नव्या एक्सबॉक्स वनने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि डिस्कवरचा गेम मित्राला द्यायचा तर तो मित्र तुमच्या यादीत किमान ३० दिवस असला पाहिजे आणि देणे फक्त एकदाच, असा बेत होता. गेम खेळणारे खवळले. त्याच जून महिन्यात सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ वर गेम कसा 'शेअर' करायचा हे दाखवणारी अर्ध्या मिनिटाचीही नसलेली चित्रफीत काढली: एक माणूस डिस्कचा डबा दुसऱ्याच्या हातात देतो, तो आभार मानतो, संपले. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. पण त्या माघारीत एक ओळ होती, तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही: डाउनलोड केलेले गेम मात्र कुणाला देता किंवा विकता येणार नाहीत.

डिस्कवाले ती लढाई जिंकले, पण पुढची वाट त्या ओळीनेच ठरवली. २०१९ मध्ये डिस्क घालायची जागाच नसलेला एक्सबॉक्स निघाला. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ दोन प्रकारांत आले. अमेरिकेत डिस्कवाले ४९९ डॉलरला, बिनडिस्कचे ३९९ ला. तेव्हा शंभर डॉलर वाचायचे, पण मित्राची डिस्क लावण्याचा आणि जुना गेम स्वस्तात घेण्याचा मार्ग बंद व्हायचा. श्रीमंत घराला हा फरक जाणवणार नाही. ज्या घरात वर्षातून एकदाच गेम येतो, तिथे जाणवतो.

मग डिस्क घेतली की सुटलो का? तसेही नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचा तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि कपाटातली डिस्कही निकामी झाली. उलट बाजूही आहे. पोलंडची जीओजी ही सेवा २००८ पासून असे गेम विकते, ज्यांची फाइल उतरवून जपून ठेवली की इंटरनेट नसतानाही तो गेम बसवता आणि खेळता येतो. तिथेही कागदोपत्री मिळतो तो परवानाच, पण चावी तुमच्या घरात असते.

म्हणून माझ्या मते डिस्क की डाउनलोड हा प्रश्न अर्धाच आहे. खरी रेघ त्या दोघांच्या मधून जात नाही. उद्या कंपनीने दार लावले तर गेम चालेल का, इथून ती जाते.

यात पैशांबरोबर इतिहासही पणाला लागलेला आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. जुने पुस्तक छापणे थांबले तरी कुणाच्या तरी माळ्यावर प्रत सापडते. सर्व्हरवरच्या गेमला माळा नसतो.

कायद्यालाही आता हा शब्दांचा घोळ दिसू लागला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नियम आहे: ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने 'खरेदी' हा शब्द वापरू नये. मराठीतली मालकी आणि उर्दूतली मिल्कियत, दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूतून आलेले. दोन्हींचा अर्थ कुणी भाडे म्हणून शिकवला, तर आम्ही त्याचे गुण कापू.

मुलांना मी एवढेच सांगतो: पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा गेम इंटरनेटशिवाय चालतो का? मित्राला देता येतो का? दुकान बंद झाले तर माझ्याकडे काय उरते? तिन्ही उत्तरे 'नाही', 'नाही' आणि 'काही नाही' अशी आली, तरी गेम घ्यायला हरकत नाही. फक्त तो भाड्याचा आहे हे समजून घ्या, आणि किंमत भाड्याइतकीच आहे का, तेही बघा.