शेरा : लक्ष नाही



गेल्या महिन्यात नात सुट्टीवर आली होती. ती मानसशास्त्र घेऊन एम.ए. करते आहे. एका दुपारी तिने विचारलं, "आबा, तुम्हाला ट्रेनिंगला मानसशास्त्र होतं ना? काय काय शिकवायचे?" मी ऐटीत सांगितलं, थॉर्नडाइकचं मांजर, पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी, ज्याने दोन काठ्या एकमेकींत खोचून केळं ओढलं होतं. ती हसायला लागली. म्हणाली, "आबा, यात माणूस कुठे आहे?"

प्रश्न थट्टेचा होता, पण माझ्या डोक्यातून जाईना. मग तिच्याकडून एकेक संशोधन समजावून घेतलं, जुन्या वह्या काढल्या. त्यातून हा लेख. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

आधी थोडा इतिहास. जर्मनीत लाइपझिगला वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा काढली, तिथून आधुनिक मानसशास्त्र सुरू झालं असं मानतात. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखाली या विषयाचा पहिला विभाग निघाला. पण आम्हा शिक्षकांच्या कामावर खरा परिणाम झाला तो पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांचा. फ्रेंच सरकारला शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायची होती. त्यासाठी बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. कोणाला जास्त मदत लागेल ते कळावं, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्माची ठरलेली आणि न वाढणारी गोष्ट आहे, हे बिने यांना मुळीच मान्य नव्हतं. पुढे ती कसोटी अमेरिकेत गेली, १९१६ मध्ये टर्मन यांनी तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक नावाचा आकडा मुलाच्या कपाळावर शिक्क्यासारखा बसला.

ती कसोटी मराठीतही आली. धारवाडच्या डॉ. वि. वि. कामत यांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये निघाला. परक्या भाषेतले प्रश्न आपल्या मुलाला जसेच्या तसे विचारू नयेत, हे त्या काळी ओळखून एवढी मेहनत घेणं मोठी गोष्ट होती. आमच्या पिढीच्या ट्रेनिंगमध्ये मात्र यातलं एवढंच उरलं होतं की वर्गात काही हुशार, काही मध्यम आणि काही मंद असतात. ओळखा आणि पुढे चला.

मीही ओळखत होतो आणि पुढे चालत होतो.

आता वहीतली गोष्ट. १९८०च्या दशकातली. सातवीत एक मुलगा होता, त्याचं नाव लिहीत नाही. बाप कास्तकार, पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी. पहिल्या घटक चाचणीत गणितात नापास, सहामाहीत नापास. वर्गात खिडकीबाहेर बघत बसायचा. मी प्रगतिपुस्तकावर शेरा मारला, "लक्ष नाही." वार्षिक परीक्षेत पोरगा बऱ्यापैकी पास झाला, तेव्हा मला वाटलं कॉपी केली असेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. भादव्यात शून्यात बघणार, उन्हाळ्याच्या तोंडाशी जरा सुधारणार. शेवटी त्याच्या बापाला मी म्हणालो, "याच्या शिक्षणात राम नाही. कशाला पैसा घालता?" बाप काही बोलला नाही. दिवाळीनंतर पोरगा शाळेत आलाच नाही.

तो खिडकीबाहेर काय बघत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता.

नातीने सांगितलेलं पहिलं संशोधन ऐकलं आणि मला ही वहीच आठवली. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुलैनाथन, एल्डार शाफिर आणि जियाइंग झाओ यांनी ते छापलं. तामिळनाडूतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी त्यांनी घेतले. उसाचा पैसा वर्षातून एकदाच येतो. तोडणीआधी हात आखडलेला, उसनवारी आणि गहाणवट, आणि तोडणीनंतर चार पैसे गाठीला. त्याच माणसांना तोडणीआधी एकदा आणि नंतर एकदा आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. तोच माणूस पैसा आल्यावर स्पष्टपणे चांगली कोडी सोडवत होता. हा हवामानाचा किंवा सणावाराचा परिणाम असेल म्हणावं, तर तेही नाही. कारण तोडणीच्या तारखा कारखाना ठरवतो आणि त्या शेतकऱ्यागणिक वेगळ्या असतात. संशोधकांचं म्हणणं असं की पैशाची विवंचना डोक्यातली जागाच अडवून बसते, बाकीच्या विचाराला जागा कमी उरते.

आपल्याकडे उसाच्या जागी कापूस ठेवा. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हाचे दिवस माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. कापूस संकलन केंद्रावर नेऊन टाकायचा आणि मग चुकाऱ्याची वाट बघायची. भादव्यात घरात दाणा नाही, पैसा नाही, पऱ्हाटी अजून फुटायची आहे. चुकारा हाती पडला की घरात जरा हसू. माझ्या वहीतले गुण त्याच चालीने खाली-वर होत होते! हा काही पुरावा नाही, एका पोराच्या गुणांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण कॉपीचा संशय घेण्याऐवजी मी हा विचार करायला हवा होता.

दुसरं संशोधन लहान मुलांच्या धीराचं. अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. मुलापुढे एक गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे शाळेत चमकली, असं नंतर प्रसिद्ध झालं. मीसुद्धा हे उदाहरण पालक सभेत दिलं आहे, संयमाचं महत्त्व म्हणून. आता कळतं की २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा हा संबंध निम्माच निघाला. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर त्यातलाही बराचसा गेला. २०१३ चा आणखी एक छोटा प्रयोग आहे, २८ मुलांचा. अर्ध्या मुलांना आधी मोठ्या माणसाने काहीतरी आणतो म्हणून आणलंच नाही, बाकीच्यांना दिलेला शब्द पाळला. मग खाऊ ठेवला. शब्द पाळलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली तीन मिनिटं.

आमच्या वर्गातल्या किती पोरांना "कापूस विकला की दिवाळीले नवे कपडे" असं सांगितलेलं असायचं आणि कापसाचा पैसा परस्पर सावकाराच्या घरी जायचा! त्या पोराने समोरचा पेरू लगेच खाल्ला तर तो अधीर नव्हे, शहाणाच म्हणायचा.

तिसरं संशोधन अगदी ताजं आहे, २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा त्यात सहभाग आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १४३६ मुलांना त्यांनी पाहिलं. जवळजवळ सगळी मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी आणि बरोबर करत होती. तेवढंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडायची. उलट, शेजारच्या शाळांतली ४७१ मुलं कागदावरची सोपी गणितं जास्त बरोबर सोडवायची, पण बाजारातला जो हिशेब एक तृतीयांशाहून अधिक कामकरी मुलांना जमला, तो त्यांच्यातल्या फक्त एक टक्का मुलांना आला. कमी बुद्धी कोणाचीच नव्हती. शाळा आणि बाजार यांच्यामध्ये पूल बांधायचं काम आम्हा शिक्षकांचं होतं, ते राहून गेलं.

हे वाचलं आणि तो 'लक्ष नाही'वाला पोरगा परत आठवला. काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारात तो भेटला होता. भाजीचं दुकान लावून बसलेला, केस पांढरे. त्यानेच ओळख दिली. मी पावणेदोन किलो वांगी घेतली, ६० रुपये भावाने, आणि दीड किलो भेंडी, ८० ने. पाचशेची नोट दिली. माझा हात खिशातल्या चष्म्याकडे जातो आहे तोवर त्याने दोनशे पंच्याहत्तर परत केले आणि म्हणाला, "गुर्जी, हिसाब पाहून घ्या बरं." मग हसून म्हणाला, "तुमी बाबाले बरोबरच सांगतलं होतं. आपलं डोस्कंच नोहोतं शाळेचं."

मी तेव्हा काही बोललो नाही. "बरं आहे ना सगळं?" एवढंच विचारून निघालो. त्याने ते चाळीस वर्षं खरं मानलं होतं, आणि ते त्याला मी सांगितलं होतं.

आता जरा सावधगिरीची गोष्ट, नाहीतर नात रागवेल. मानसशास्त्रातले सगळेच निष्कर्ष टिकतात असं नाही. २०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून १०० जुने प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळचे जवळजवळ सगळे यशस्वी म्हणून छापलेले, पण पुन्हा करताना जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत स्पष्ट निष्कर्ष मिळाला. वर दिलेल्या उसाच्या संशोधनावरही आक्षेप आले आहेत. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी केली, २०१६ मध्ये ती छापली गेली, तर बुद्धीच्या कामात फरक दिसला नाही. दोन आठवड्यांचा पगार आणि वर्षभराचं पीक यांत अंतर आहे हे खरं, पण शंका घेतलीच पाहिजे. स्वतःचे प्रयोग स्वतःच तपासून चुका छापणारं शास्त्र मला तर जास्त विश्वासाचं वाटतं. आम्ही शेरे मारले, ते परत कधी तपासले?

आणि शेवटचं, आपल्याच मातीतलं. १९ मार्च १९८६ ला आपल्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. त्यानंतरच्या वर्षांत यवतमाळचं नाव देशभर कोणत्या कारणाने झालं, ते मी सांगायला नको. कर्ज, नापिकी, भाव, पाणी ही कारणं खरीच आहेत. पण त्या सगळ्यात माणसाच्या मनाकडे कोण बघणार? तालुक्याला मनाचा डॉक्टर मिळणं कठीण.

याचं एक उत्तर गोव्यात आणि विदर्भातच शोधलं गेलं. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत एक पद्धत बसवली. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवायचं आणि त्यांनी उदास झालेल्या माणसाशी सहा ते आठ वेळा बोलायचं. मन खचलं की माणूस कामं टाळतो आणि टाळल्याने मन आणखी खचतं. म्हणून बोलता बोलता त्याला छोट्या छोट्या कामांकडे परत आणायचं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर तपासणी झाली, निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी या पद्धतीने ६४ टक्के लोक उदासीनतेतून बाहेर आले, नेहमीच्या उपचाराने ३९ टक्के.

तेच काम 'विश्राम' या नावाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा अहवाल २०१७ मध्ये आला. उदासीनता असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. उदासीनतेचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. तुलनेला दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय याच कामाला देता येत नाही. तरीही ही गावं आपल्यासारखीच आहेत, आणि तिथे बोलायला बसलेली माणसं गावातलीच होती. महाराष्ट्र सरकारनेही २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत, आपल्या यवतमाळसह, 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन चौकशी करू लागल्या.

नातीला आता मी उत्तर देऊ शकतो. आमच्या पुस्तकात मांजर होतं, कुत्रा होता, चिंपांझी होता. माणूस वर्गात तिसऱ्या बाकावर बसला होता, खिडकीशी. त्याला एकदा जवळ बोलावून "काय रे, घरी काय चाललंय?" एवढं विचारायला कुठलंही ट्रेनिंग लागत नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दुकानावर जाणार आहे. काय बोलायचं ते अजून जुळलेलं नाही, पण "तेव्हा मी चुकलो होतो" एवढं तरी सांगायचंच आहे.

वाचणाऱ्यांत शिक्षक बरेच आहेत. तुमच्याही वहीत असा एखादा शेरा असेल तर जरूर लिहा. आणि घरात, शेजारी कोणाचं मन फार खचलेलं दिसलं तर जवळ बसा, विचारा. सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. क्रमांक लिहून ठेवा.

असो. लेख लांबला. तब्येतीला जपा.

– तुमचा आबा, लोहारा