शके १५२१ + ७८ = ?

माझी ताई पैठण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. मध्यंतरी शाळेत सामान्यज्ञान स्पर्धा झाली. त्यातला एक प्रश्न : नाथमहाराजांनी समाधी कोणत्या साली घेतली? उत्तरपत्रिकेत १५९९. एका मुलीने लिहिलं १६००. ताईने फुली मारली. मुलगी दुसऱ्या दिवशी घरातली जुनी पोथी घेऊन हजर. प्रस्तावनेत चक्क १६०० छापलेलं!

ताईचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? नेटवर बघून सांग बरं, खरं काय ते."

आता आमची ताई काही नेटला नवखी नाही. एमएससीआयटी रीतसर पास झालेली. पण त्या कोर्सात शोधायचं कसं ते शिकली, सापडलेल्याचं करायचं काय हे राहूनच गेलं. (माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही ते राहिलंच होतं, म्हणून हसायचं कारण नाही.)

मी गुगलबाबाला साकडं घातलं. पहिल्या दहातल्या बहुतेक पानांवर १५९९. काही ठिकाणी तर पूर्ण तारीख, २६ फेब्रुवारी १५९९. शिवाय फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ अशी तिथीही दिलेली. १५२१ अधिक ७८ बरोबर १५९९. विषय संपला. "ताई, फुली बरोबर आहे," म्हणून मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "अरे, षष्ठी पाडव्याच्या आधी येते की नंतर?"

मी गप्प. हा प्रश्न पुण्यात बसलेल्या माणसाला सुचणं कठीण. पैठणच्या माणसाला नाथषष्ठी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वाळवंटात दिंड्यांचे तंबू पडतात आणि सगळं गाव पाहुण्यांनी भरून जातं. षष्ठीची यात्रा उलगली की साधारण नऊ-दहा दिवसांत गुढीपाडवा. म्हणजे षष्ठी येते शकाच्या शेवटच्या पंधरवड्यात. आणि इसवी सन तर त्याआधीच, १ जानेवारीला बदललेला असतो!

तर मंडळी, शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत. जानेवारी लागला, की पौषाचा उरलेला भाग, माघ आणि फाल्गुन यांना ७९ मिळवावे लागतात. १५२१ + ७९ = १६००. आमच्या धंद्यात याला एकने चुकणं म्हणतात. प्रोग्रामरची ही सगळ्यात जुनी चूक, आणि नेमकी तीच मी केली. गंमत म्हणजे ज्या शालिवाहनाच्या नावाने हा शक चालतो त्याची राजधानी लोककथेत पैठणच. (शक इसवी सन ७८ मध्ये सुरू झाला हे खरं, पण शालिवाहनाचं नाव त्याला काही शतकांनी चिकटलं.)

पण नुसत्या बेरजेवर आता माझा भरवसा उरला नव्हता. शनिवारी बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. ६ जानेवारी २००० ला अमावास्या होती. तिथून २९.५३०५८८ दिवसांचा एकेक महिना मागे जात राहायचं, की कुठल्याही दिवशी चंद्र किती दिवसांचा होता ते अंदाजे कळतं. एखाद्या तिथीची चूक होईल, पंधरवड्याची होणार नाही.

आधी उत्तर माहीत असलेल्या तारखेवर चाचणी घेतली. शिवजन्म : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे. प्रोग्राम म्हणाला वद्य तृतीया. शाब्बास! (इथेही १५५१ मध्ये ७९ च मिळवलेत, बघा.) ही तिथी जेधे शकावलीतली. ती लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी शके १५४९ मधली वैशाखातली तिथी, म्हणजे १६२७ हे साल, सर्रास चालत असे. ते बदलायला कागद पुढे यावा लागला, आणि त्याची इतर साधनांशी ताडून परीक्षा व्हावी लागली.

मग २६ फेब्रुवारी १५९९ घातली. त्या दिवशी चंद्र जेमतेम बारा दिवसांचा, म्हणजे शुक्ल द्वादशीच्या आसपास. पौर्णिमाच अजून यायची, तर वद्य षष्ठी कुठून येणार? नव्या कॅलेंडरची तारीख धरून पाहिली तर शुक्ल द्वितीया. १६०० मध्ये मात्र फेब्रुवारीच्या २४-२५ तारखेला, जुन्या कॅलेंडरने, वद्य षष्ठी चपखल बसते. परंपरेने दिलेला शक आणि तिथी खरी असेल, तर साल १६००. पोरीचं उत्तर बरोबर.

मग इतक्या पानांवर १५९९ कसं? कारण ती दहा पानं म्हणजे दहा साक्षीदार नव्हेतच. एकाने ७८ मिळवले, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. वाक्यंसुद्धा तीच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. ताईला म्हटलं, वर्गात दहा पोरांच्या वहीत एकच चुकीचं उत्तर सापडलं तर तू काय समजतेस? "कॉपी!" ती लगेच म्हणाली. हे तिला शिकवावं लागलं नाही :)

आणि हा रोग नेटने आणलेला नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात काय काय घातलं, काय गाळलं, कुणास ठाऊक. नाथांनी पैठणला बसून तिची प्रत शुद्ध केली आणि शेवटी आपल्या ओव्यांत नोंद ठेवली : शके १५०६, भाद्रपद, कपिलाषष्ठी, गोदेचा काठ. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराने अशुद्ध झाला, तो शोधून शुद्ध केला, असंही सांगितलं. वर आणखी कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीद. कुणी, कुठे, कधी, काय बदललं, सगळं आलं. (भाद्रपद असल्यामुळे इथे ७८ च, १५८४.) आम्ही आजही प्रोग्राममध्ये बदल केला की हेच लिहायचं असतं आणि हेच लिहायचा कंटाळा करतो.

तरी नाथांची प्रतही कुणी प्रश्नाबाहेर ठेवली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळ्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथपूर्व आहे हा त्यांचा दावा, आणि त्यावरही वाद झाले. व्हायलाच हवेत.

ताई आता कुठलंही पान उघडलं की आधी लिहिणाऱ्याचं नाव शोधते. मराठी विश्वकोशात नोंदीखाली ते असतं. विकिपीडियावर 'इतिहास' दाबून कोणी कधी काय बदललं ते पाहते. आणि आकडे जुळले नाहीत तरी लगेच फुली मारत नाही. परवा जायकवाडीचं निघालं. एका पानावर धरणाची क्षमता १०२ टीएमसी, दुसऱ्यावर ७६. कोण खोटं? कुणीच नाही. एक एकूण साठा, दुसरा उपयुक्त साठा, मृतसाठा वगळून. हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही.

राहता राहिली ती मुलगी. ताईने वर्गासमोर फुली खोडली, गुण दिला आणि फळ्यावर १५२१ + ७९ मांडून आपण कुठे चुकलो ते समजावलं. "भावाने सांगितलं म्हणून मी लिहिलं" असंही म्हणाली म्हणे. माझी अब्रू पार गोदावरीत गेली. असो.

पोरीने लगेच विचारलं, "मॅडम, मग आता पुस्तकातली बाकीची सालं पण बघायची का?"

पुढच्या शनिवारी वर्गात सगळे मिळून तेच करणार आहेत. प्रोग्राम मी पाठवलाय. चुका काढून परत पाठवा, असं सांगून.