स्त्रीशरीराचा अपुरा नकाशा

इ. स. १४९२ मध्यें कोलंबसानें नवी भूमि शोधल्याचा डंका यूरोपांत वाजला. त्या भूमीवर माणसें मात्र केव्हांपासूनच नांदत होतीं. पुढें ६७ वर्षांनीं, १५५९ मध्यें, त्याच आडनांवाच्या दुसऱ्या एका इटालियनाच्या ग्रंथांत अशाच शोधाची घोषणा झाली. पादुआच्या विद्यापीठांत शारीरशास्त्र शिकविलेले रेआल्दो कोलंबो हे ते पंडित, आणि त्यांची ‘नवी भूमि’ म्हणजे स्त्रीशरीराचाच एक भाग.

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाची रचना थोडक्यांत अशी : वर मऊ मेदाचा उंचवटा, त्याखालीं दोन मोठे ओष्ठ व त्यांच्या आंत दोन लहान, त्यांच्यामध्यें पुढें मूत्रद्वार आणि मागें योनिमुख. लहान ओष्ठ पुढें जेथें एकत्र येतात, तेथें शिश्निका हा लहानसा, अत्यंत संवेदनाक्षम अवयव असतो. या शिश्निकेचे आद्य शोधक आपणच, असा कोलंबोंचा दावा होता.

दोनच वर्षांनीं, १५६१ मध्यें, पादुआच्याच फालोप्पिओंनीं तो मान स्वतःकडे घेतला. ग्रीक व अरब वैद्यांस हा अवयव ठाऊक होता, हें मात्र त्यांनीं मान्य केलें. तें खरेंच होतें. इफिससचा रूफस आणि सोरानस या प्राचीन ग्रीक वैद्यांनीं त्याचें वर्णन केलेलें आहे. उलट, ज्यांच्या १५४३ च्या ग्रंथानें अर्वाचीन शारीरशास्त्राचा पाया घातला, त्या व्हेसेलियसांनीं, निरोगी स्त्रीस हा अवयव नसतोच, असें उत्तर दिलें! वाद विद्वानांत रंगला. ज्यांच्या शरीराविषयीं तो होता, त्या स्त्रिया विद्यापीठाच्या दाराबाहेरच होत्या.

१६७२ मध्यें डेल्फ्टचे तरुण वैद्य रेग्निअर दे ग्राफ यांनीं या अवयवाचें तपशीलवार वर्णन केलें आणि कित्येक शारीरवेत्ते जणूं तो अस्तित्वांतच नाहीं असें वागतात, याबद्दल आश्चर्य व्यक्त केलें. १८४४ मध्यें जर्मन पंडित कोबेल्ट यांनीं त्याच्या रक्तवाहिन्यांचीं सूक्ष्म चित्रें प्रसिद्ध केलीं. तरीहि पुढच्या अनेक पाठ्यपुस्तकांनीं दोन-चार ओळींतच विषय आटोपला.

१९९८ मध्यें मेलबर्नच्या शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनीं दहा मृतदेहांचें विच्छेदन करून दाखविलें कीं, बाहेर दिसतें तें केवळ टोंक. त्याचा बराच मोठा भाग आंत दडलेला असतो. प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता. पुरुषांवरील शस्त्रक्रियेंत कोणत्या नसा जपाव्या, हें ग्रंथांत लिहिलेलें होतें. स्त्रियांविषयीं तसें मार्गदर्शन फारच तोकडें होतें. नकाशांत नसलेली नस शल्यचिकित्सकाच्या हातून कशी जपली जाणार?

घरोघरींहि हाच न्याय लागू पडतो. मुलीला हात, पाय, डोळे यांचीं नांवें शिकविणारी माता याच अवयवांचीं नांवें टाळते. मग तेथें दुखूं खुपूं लागलें तर वैद्यापुढें काय सांगावें, हें त्या मुलीस कळत नाहीं. कोलंबोंपासून ओकॉनेलपर्यंतचीं ४३९ वर्षें पाहिलीं म्हणजे या संकोचाची किंमत ध्यानांत येते.